तू पुढे हो, मी आलोच

प्यो जोंगदालने जगापासून दोन गोष्टी लपवल्या होत्या. एक म्हणजे तो रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घ्यायचा. दुसरी म्हणजे ज्या गिर्यारोहण मंडळाचा तो बारा वर्षं कप्तान होता, त्या मंडळाच्या डोंगरावर तो एकदाही चढलेला नव्हता. विम्याचा अर्ज भरताना पहिली गोष्ट त्याने प्रामाणिकपणे सांगून टाकली. पण ती सांगताना त्याला इतकं उघडं पडल्यासारखं वाटलं, की भरपाई म्हणून दुसरीत त्याने होती त्यापेक्षा जास्त हवा भरली. एका बैठकीत माणसाला एवढाच खरेपणा झेपतो.

जोंगदाल एकोणसाठ वर्षांचा. आमच्या छॉंगजू गावच्या जुन्या बाजारात त्याचं किल्ल्या आणि शिक्के करून देण्याचं दुकान होतं. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबावं, एवढंच. पूर्वी बँकेत, कचेरीत, घर भाड्याने घेताना, लग्न नोंदवताना ज्याला त्याला आपल्या नावाचा कोरलेला शिक्का लागायचा. आता लोक काचेवर बोट फिरवून सही करतात आणि घराची दारं आकडे दाबून उघडतात, त्यामुळे त्याचे दोन्ही धंदे एकदमच बसले. आठवड्याचे सहा दिवस त्याला कुणी विचारत नसे. रविवारी मात्र तो कप्तान असे.

आमच्याकडे माणूस पन्नाशीला आला की डोंगर चढायला लागतो, आणि डोंगर चढण्याआधी कपडे घेतो. मेबाँगची टेकडी तीनशे शहाऐंशी मीटरची. वरपर्यंत लाकडी पायऱ्या, बाजूला दोरीचा कठडा, दमल्याभागल्यांसाठी जागोजागी बाक. शाळेतल्या पोरी तिच्यावर चपला घालून जातात. पण जोंगदालच्या जुन्या व्यापारी शाळेच्या सव्विसाव्या तुकडीचं गिर्यारोहण मंडळ निघायचं ते अशा थाटात, की वाटेत कुणी उचलून हिमालयात नेऊन सोडलं असतं तरी फक्त जेवणाची सोय बघावी लागली असती. त्यातही जोंगदालची तयारी सर्वांत भारी. एका कंपनीच्या मोडीत निघालेल्या दुकानातून त्याने लाल जाकीट, शिरस्त्राण, चाळीस मीटर दोर आणि कमरेला लटकवायच्या लोखंडी कड्या असं सगळं एकगठ्ठा उचललं होतं. चालताना त्या कड्या खुळखुळायच्या. मंडळाच्या पहिल्या सभेत कप्तान कुणाला करायचं यावर चर्चा झालीच नाही. ज्याच्याकडे दोर तो कप्तान.

दोराचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गाड्या लावायच्या जागेमागे दीड पुरुष उंचीचा एक खडक होता. त्यावर जोंगदाल दोर धरून उभा राही आणि मंडळाचा चिटणीस बान सांगचॉल जमिनीवर उताणा पडून फोटो काढी. उताण्या माणसाला कुठलाही खडक कडाच दिसतो. हे फोटो मंडळाच्या इंटरनेटवरच्या पानावर जात, खाली 'आमचे कप्तान, पश्चिम कड्यावर' असं काहीतरी.

मग सगळे टेकडीला लागत. पहिल्या सपाटीवर एका मावशींची टपरी होती. कांदापातीची खरपूस धिरडी आणि तांदळाची पांढरी दारू. इथे पोचलं की जोंगदालचा गुडघा आणि छाती दोन्ही एकदम बोलायला लागत. पण कप्तानाने दमलो म्हणायचं नसतं. तो म्हणे, "तुम्ही व्हा पुढे. मी मागची फळी सांभाळतो." मागच्या फळीत तो एकटाच असे आणि समोर धिरडं असे. मंडळातल्या चौदांपैकी कुणी वर जाई, कुणी पुढच्या वळणावरच्या बाकापर्यंत जाऊन परत येई. एकमेकांना कुणी काही विचारत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि इथे चौदा मुठी होत्या.

त्या घोळक्यात नेमाने वर जाणारी एकच होती, ती मंडळाची सभासदही नव्हती. जोंगदालची मुलगी उनसोल. वय अठ्ठावीस. जन्मापासून तिची बुद्धी आपल्या चालीने चालणारी. पैसे मोजता येत नाहीत, पण पायऱ्या मोजता येतात. सार्वजनिक स्नानगृहात ती टॉवेलांच्या घड्या घालते, आणि तिची घडी मालकीणबाईंनासुद्धा साधत नाही. तिला खोटं बोलता येत नाही आणि दुसऱ्याचं खोटं ओळखूही येत नाही. टपरीशी पोचलं की जोंगदाल तिला म्हणे, "तू पुढे हो, मी आलोच." ती पुढे होई.

उनसोलची आई सहा वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून घरात दोघंच. गेल्या शरदात एके दिवशी जोंगदाल दुकानात उठायला गेला आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन किल्ल्यांच्या यंत्राशेजारी आडवा झाला. शेजारच्या भाजीवाल्याने दवाखान्यात नेलं. थोडक्यात निभावलं, पण या गडबडीत पाचाचे आठ वाजले. पाचला तो रोज उनसोलला आणायला जाई. तो स्नानगृहाशी पोचला तेव्हा दार बंद झालं होतं, दिवे गेले होते, आणि ती पायरीवर, त्याने सांगितलेल्या जागी, पिशवी छातीशी धरून उभीच्या उभी होती. मालकीणबाईंनी घरी सोडते म्हटलं तर नाही म्हणाली होती. बाबा येतो म्हणाला होता.

ती रडली नाही. रडली असती तर जोंगदालला बरं वाटलं असतं. त्या रात्री त्याच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली. मी आलोच नाही, कधीच आलो नाही, तर ही कुठवर उभी राहील?

दुसऱ्या दिवशी त्याने मेहुणीला फोन केला. गुक मीरान वीस वर्षं विम्याचं काम करत होती. नात्यागोत्यातले लोक लग्नाकार्यात तिला पाहून वाट बदलत, आणि आजारी पडले की तिलाच शोधत. जोंगदालनेही वीस वर्षं वाट बदलली होती. मीरानने ते बोलून दाखवलं, दोन वेळा बोलून दाखवलं, आणि मग कागद काढले.

तिने उनसोलचाच विमा करायचा प्रयत्न पूर्वी एकदा केला होता. कंपनीने कायद्याचं कलम दाखवून तो परत पाठवला होता. अशा व्यक्तीला आपण कशाला हो म्हणतो ते कळत नाही, तिचा शब्द आणि तिची सही धरता येत नाही, असा त्याचा अर्थ. म्हणून आता विमा जोंगदालचा, आणि तो गेल्यावर दर महिन्याला ठरावीक रक्कम उनसोलला.

जोंगदालला सोपा विमा हवा होता. आजारी माणसांसाठी एक असतो, त्यात तीनच प्रश्न विचारतात. डॉक्टरने हल्ली भरती व्हायला सांगितलंय का, दोनेक वर्षांत शस्त्रक्रिया झालीय का, पाच वर्षांत कर्करोग. तिन्हीला नाही म्हटलं की झालं.

"झालं कसं?" मीरान म्हणाली. "हप्ता दीडपट, आणि पहिल्या दोन वर्षांत गेलात तर निम्मेच. त्यात पोरीचा अर्धा महिना भागेल. उरलेला अर्धा महिना तिने टॉवेल खायचे का? तुम्ही साधा विमा घ्या, भावोजी. त्यात प्रश्न पन्नास आहेत, पण सगळ्यांची उत्तरं खरी द्यायची. गोळीसुद्धा."

गोळी म्हटल्यावर जोंगदाल छताकडे बघू लागला. गोळी लिहायलाच हवी का, असं त्याने हळूच विचारलं.

"नका लिहू. हप्ते बिनबोभाट घेतील. तुम्ही गेल्यावर मात्र दवाखान्याचे कागद काढतील, म्हणतील यांनी लपवलं होतं, आणि उनसोलच्या हातावर भोपळा ठेवतील. जिवंत माणसाला विमा कोणीही देतं, भावोजी. तो माणूस मेल्यावर टिकला पाहिजे."

उनसोल शेजारी बसून संत्र्याच्या सालीचे एकसारखे तुकडे करत होती. तिने विचारलं, विमा म्हणजे काय. मीरान म्हणाली, बाबा नसला तरी पैसे येतात तो विमा. उनसोलने विचार केला. "बाबा कुठे जाणार?" तिने विचारलं. मीरानने जोंगदालकडे बघितलं, जोंगदालने संत्र्याकडे.

मग जोंगदालने लिहिलं. रक्तदाब, चार वर्षं. गोळी, रोज एक. चक्कर, एकदा. वजन, खरं. प्रत्येक ओळीला त्याचा खांदा थोडा खाली येत गेला. कागदावर जो माणूस तयार होत होता तो फारच पडेल दिसत होता. असल्या म्हाताऱ्याला कोण विमा देईल, असं त्याला वाटलं. तेवढ्यात मीरानला फोन आला आणि ती उठून बाहेर गेली. पुढचं पान छंदांचं होतं. समुद्रातल्या बुड्या, छत्रीउड्या, मोटारशर्यती, प्रस्तरारोहण. जोंगदालला ते पान प्रसादासारखं वाटलं. त्याने ठसठशीत खूण केली आणि शेजारी सुंदर अक्षरात लिहिलं: प्रस्तरारोहण, बारा वर्षं, दलाचा प्रमुख. मग स्वतःच कोरलेला स्वतःच्या नावाचा शिक्का त्याने लाल शाईत बुडवून नीट दाबला. धडधाकट माणूस आहे हे कंपनीला कळलेलं बरं, एवढाच त्याचा विचार. विमा कंपनीला वधूपिता समजायची ही चूक आमच्याच गावात होऊ शकते.

मीरानने परत येऊन दुखण्याची पानं तीनदा तपासली. छंदाचं पान उलटूनही पाहिलं नाही. भावोजींचा छंद तिला माहीत होता, तो बसण्याचा होता.

तीन आठवड्यांनी नकार आला. अर्जदाराचा रक्तदाब आणि त्याचा धोकादायक छंद एकत्र पाहता कंपनीला जोखीम घेता येत नाही, असं पत्र. मीरान ते हातात घेऊनच दुकानात शिरली. एक गिऱ्हाईक किल्ली घ्यायला उभं होतं, ते तिचा चेहरा पाहून नंतर येतो म्हणालं.

"नुसत्या रक्तदाबाला हप्ता वाढवून त्यांनी हो म्हटलं असतं," ती म्हणाली. "तुम्हाला डोंगराने मारलं, भावोजी. ज्या डोंगराने तुमचं पाऊलसुद्धा पाहिलेलं नाही, त्याने."

जोंगदाल म्हणाला, चुकून लिहिलं असं कळवू. मीरानने ते आधीच करून पाहिलं होतं. कंपनीचं म्हणणं, नकार मिळाला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांचेच छंद सुटतात. शिवाय त्यांनी मंडळाचं पान उघडून पाहिलं होतं. पश्चिम कडा, उत्तर कडा, बर्फातला कडा. एकाच खडकाचे चौतीस फोटो आणि प्रत्येकात कप्तान. हे खोटं असेल तर आमचा माणूस येऊन चार जणांना विचारेल, त्यांनी सांगितलं तर अर्ज पुन्हा बघू, असं त्यांनी मोठ्या मनाने कबूल केलं होतं.

म्हणजे आता जोंगदालला आपल्याच मित्रांकडे जाऊन म्हणायचं होतं की बाबांनो, मी कधी डोंगर चढलो नाही हे त्या माणसाला सांगा. वाक्य लहान होतं. तो ते दोन दिवस तोंडात घोळवत होता. तिसऱ्या दिवशी बान सांगचॉलच्या तांदूळ-केकच्या दुकानात गेला, एक खोका विकत घेतला, नको असताना दुसराही घेतला, आणि म्हणाला, "विमा कंपनीचा माणूस येणार आहे माझी चौकशी करायला. जे आहे ते सांगा म्हणजे झालं."

बानने डोळा मारला. "काळजीच सोड, कप्तान."

जोंगदालला त्याच क्षणी कळायला हवं होतं. कळलंही असेल, पण अजून एक वाक्य बोलायचं त्याच्याने झालं नाही. आमच्याकडे मित्राची अब्रू ही सार्वजनिक मालमत्ता असते. ती राखायला सगळा गाव धावतो, ज्याची आहे त्याला विचारतसुद्धा नाही.

हिवाळा उलटल्यावर कंपनीचा माणूस आला, तो नेमका मार्चच्या पहिल्या रविवारी. वर्षाची चढाई सुरू करण्याआधी त्या दिवशी सगळी मंडळं डोंगरदेवाची पूजा करतात. टपरीशेजारच्या सपाटीवर मेज मांडलं होतं. मधोमध उकडलेलं डुकराचं डोकं, डोळे मिटून हसरं. सुकी मासळी, सफरचंदं, तांदळाची दारू. ज्याने त्याने नमस्कार घालून डुकराच्या तोंडात नोटा खोचायच्या, आणि शेवटी कप्तानाने देवापुढे गाऱ्हाणं वाचायचं. मागे मंडळाचा फलक आणि सगळे आपापल्या सरंजामात. कपड्यांवरून वाटावं, हे लोक आत्ताच कुठूनतरी जीव वाचवून आले आहेत.

मीरान त्या माणसाला घेऊन आली. मेंग गीजू त्याचं नाव. चाळिशीचा, किडकिडीत, कचेरीतलेच काळे बूट, आणि इतक्या चढानेच धापा टाकणारा. जोंगदालला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. उनसोल नेहमीप्रमाणे वर निघून गेली होती. तिला तो नेहमीचं वाक्य बोलला होता.

मेंगने वही काढली आणि मंडळाने आपल्या कप्तानाला वाचवायला सुरुवात केली. बान म्हणाला, असा माणूस होणे नाही, नुसत्या हातांनी कडा चढतो. दुसऱ्याने सांगितलं, एकदा तर दोर तुटला होता, पण हे हसत होते. तिसरा नेहमी वळणावरच्या बाकापर्यंत जाणारा. तो म्हणाला, शिखरावर सगळ्यांत आधी कप्तानच, आम्ही पोचतो तेव्हा ते शिळेला टेकून उभे असतात. मेंग लिहीत होता. प्रत्येक वाक्याला जोंगदालचा विमा आणखी एक पायरी खाली घसरत होता, आणि सांगणारे त्याच्याकडे बघून हळूच मान हलवत होते, बघ कसं केलं तुझं काम, अशी. मीरानने कपाळाला हात लावला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, आणि तोही उडी मारणारा.

गाऱ्हाण्याची वेळ झाली. जोंगदाल शिरस्त्राण काढून डुकराच्या डोक्यापुढे गुडघ्यांवर बसला. कागद त्याच्याच सुंदर अक्षरात होता. दर वर्षी तोच, साल तेवढं बदललेलं. "हे मेबाँगच्या देवा," त्याने वाचायला सुरुवात केली, "गेलं वर्षभर तुझ्या कड्यांवर, तुझ्या शिखरावर तू आम्हाला सांभाळलंस..."

पायऱ्यांवरून उनसोल खाली आली. गाल लाल, श्वास मात्र शांत. पूजा चाललीय, मध्ये बोलायचं नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. ती थेट बापाशेजारी येऊन उभी राहिली.

"मी थांबले," ती म्हणाली. "तू आला नाहीस."

मेंगने वही उघडीच ठेवून विचारलं, कुठे थांबली होती ती. वर, शिळेशी, उनसोल म्हणाली. किती वेळ. गाणं दहा वेळा म्हणेपर्यंत. मग बाबा का आला नाही.

"बाबा येत नाही. बाबा इथे धिरडं खातो. म्हणतो, तू पुढे हो, मी आलोच. मी वर थांबते. तो येत नाही. मग मी खाली येते."

"असं किती वेळा झालं?"

"दर वेळी."

बान पुढे झाला. मेंगच्या कानाशी लागून म्हणाला, की पोरगी साधी आहे, तिच्या बोलण्यावर जाऊ नका. मेंगनेही मान डोलावली. नियमाप्रमाणे तिची जबानी त्याला धरता येत नव्हती, तेच ते कलम. त्याने पेन्सिल कानामागे ठेवली.

जोंगदाल अजून गुडघ्यांवर होता. मंडळाचं खोटं वहीत लिहिलं गेलं होतं, आणि एकटी खरं बोलली तिचं लिहायचं नव्हतं. त्याला स्वतःचा राग आला, पण त्याहून जास्त त्याला लाज वाटली, आणि ती या लोकांपुढची नव्हती, पोरीपुढची होती. बारा वर्षांचे रविवार. ती वर शिळेशी उभी राहून दहा वेळा गाणं म्हणत होती, आणि हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. त्याला वाटलं होतं ती वर जाते आणि येते. स्नानगृहाच्या पायरीवर ती तीन तास उभी राहिली होती, त्यात नवल काहीच नव्हतं. ते तिला त्यानेच शिकवलं होतं.

त्याने कागदाची घडी केली.

"देवा, हे खोटं आहे," तो डुकराकडे बघून म्हणाला, कारण माणसांकडे बघून ते जमलं नसतं. "मी तुझ्यावर कधी चढलो नाही. या टपरीच्या पुढे मी पाय टाकलेला नाही. खालच्या त्या खडकावर उभा राहून फोटो काढले. तिथूनही उतरताना मला दोघांनी धरावं लागतं. माझी पोर सांगते ते खरं आहे. तिचं लिहून घेता येत नसेल तर माझं लिहून घ्या."

मागून टपरीवाल्या मावशींचा आवाज आला. "दर रविवारी दोन धिरडी आणि तीन वाट्या दारू. बारा वर्षं. मी काय शिखरावर दुकान मांडलंय?"

मेंगने कानामागची पेन्सिल काढली. मग मंडळाकडे वळून नम्रपणे विचारलं, की आता तुमच्यापैकी कुणाला आपल्या सांगण्यात काही फेरफार करायचा आहे का. तेराच्या तेरा जण आपापल्या बुटांकडे बघू लागले. बूट फार चांगले होते. बहुतेकांच्या तळव्यांवर अजून किमतीचा कागद होता. आपली झाकलेली मूठ त्याने का उघडली याचा काहींना राग आला आणि दोघे तिघे जेवायला न थांबता गेले. जाताना डुकराच्या तोंडातली आपली नोट काढून घ्यावी की नाही, असा एकाला प्रश्न पडलेला दिसला.

महिनाभराने विमा मंजूर झाला. छंद या रकान्यात 'नाही' असं छापून आलं. रक्तदाबाबद्दल हप्ता वाढला तो अपेक्षितच होता, पण त्याच्या वर आणखी थोडा वाढवलेला होता. मेंग प्रामाणिक माणूस. त्याने अहवालात लिहिलं होतं, अर्जदाराला डोंगरापासून धोका नाही, मात्र आठवड्याला दोन तळकट धिरडी आणि तीन वाट्या दारूची साक्ष उपलब्ध आहे. मीरान हसून हसून दुकानातल्या एकुलत्या स्टुलावर बसली. मग डोळे पुसत म्हणाली, की वर्षभराने पुन्हा तपासणी मागता येते, रक्तदाब उतरला तर हप्ताही उतरतो. आणि उतरायला काय करायचं, तर डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. रोज चालणं. जमल्यास एखादी लहानशी टेकडी चढणं.

कप्तानपद बानकडे गेलं. त्याने दोर आणि शिरस्त्राण मागून नेलं. लाल जाकीट त्याला होत नव्हतं, म्हणून ते जोंगदालकडेच राहिलं.

पुढच्या रविवारी जोंगदाल उनसोलबरोबर टपरीशी पोचला. मावशींनी सवयीने तव्यावर तेल सोडलं. त्याने हात हलवून नको म्हटलं आणि पायऱ्यांकडे वळला. सवय वाईट. ओठांवर तेच वाक्य आलं. "तू पुढे..."

"नाही," उनसोल म्हणाली. "तू पुढे हो. मी मागून येते."

"का गं?"

"तू मागे राहिलास की येत नाहीस."

तेव्हा तो पुढे झाला. ती त्याच्यामागून मोजत येत होती. एकशे दहाला पहिला बाक आला, तो बसला. तीनशेला पुन्हा बसला. छाती भात्यासारखी चालली होती. शाळेतल्या दोन पोरी चपला वाजवत शेजारून गेल्या आणि त्याला आदराने वाकून नमस्कार करून गेल्या. उनसोल बसली नाही. कठड्याला हात लावून उभी राहिली, आकडा विसरू नये म्हणून ओठ हलवत.

"त्या दिवशी तू विचारलंस ना," जोंगदाल म्हणाला, "विमा म्हणजे बाबा कुठे जाणार."

"कुठे?"

"पुढे. मी आधी पुढे जाणार आहे. म्हणून ते पैसे. तू मागे असताना तुला लागतील."

उनसोलने हे नीट ऐकून घेतलं. "किती वाजता?"

"ते माहीत नाही. अजून पुष्कळ वेळ आहे."

"तिथे थांबशील?"

बारा वर्षं जोंगदाल 'मी आलोच' किती सहज फेकत आला होता, आणि आता एका साध्या होकाराला त्याला दम पुरेना. "थांबेन," तो म्हणाला. "पण तू घाई करायची नाही. खूप सावकाश यायचं. म्हातारी होऊन यायचं."

"मी येते," उनसोल म्हणाली. "मी म्हटलं की येते." मग तिने त्याच्या पाठीवर, लाल जाकिटावर, तळहात टेकवून त्याला हलकेच ढकललं. "ऊठ. तीनशे एक."